अल्प द्रव्य आणि मोठें यंत्र

घरीं बसून चित्रपट पाहतां यावेत म्हणून थोडक्या खर्चांत एखादा संगणक जुळवावयाचा झाल्यास त्याचे कोणते भाग उंची घ्यावेत व कोणते साधे चालतील, हा प्रश्न हल्लीं मध्यम स्थितीच्या पुष्कळ कुटुंबांत निघतो. तरुण मंडळी दुकानदाराची यादी पुढें मांडून वाद घालतात. वडील माणसें एकंदर बेरीज पाहून भुंवया चढवितात. आणि शेवटीं बहुधा ज्या भागाची जाहिरात मोठी त्यावर पैसा खर्च होऊन, ज्यावर सारी मदार तो भाग हलका येतो. प्रश्न दिसावयास अगदीं आजचा आहे. तथापि यंत्र मोठें, पिशवी लहान, आणि निवड चुकली तर पुन्हा पैसा उभा राहण्याची आशा नाहीं, असा प्रसंग कोल्हापुरांतील दोघां चित्रकारांवर शंभर वर्षांपूर्वींच आला होता. त्यांनीं तो कसा निभावला ह्याचा इतिहास सिनेमाच्या शोकिनांस तर प्रिय आहेच. पण कोणतेंहि यंत्र विचारपूर्वक घरांत आणूं पाहणाऱ्या प्रत्येकास तो उपयोगीं पडेल, असें आम्हांस वाटतें.

प्रथम त्या काळचा बाजार पाहूं. हिंदुस्थानांत चलच्चित्रांचा पहिला खेळ झाला तो १८९६ च्या ७ जुलै रोजीं, मुंबईच्या वॉटसन हॉटेलांत. त्यानंतर लवकरच हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर ऊर्फ सावेदादा ह्यांनीं विलायतेहून २१ गिनींना एक कॅमेरा मागविला, आणि १८९९ सालीं मुंबईच्या हँगिंग गार्डनमध्यें एका कुस्तीचें चित्रण केलें. पुढें दादासाहेब फाळके १९१२ सालीं लंडनला गेले. विल्यमसन कंपनीचा कॅमेरा पन्नास पौंडांस खरेदी करून, कच्ची फिल्म व तिच्या कडांस भोकें पाडण्याचें यंत्र ह्यांची मागणी नोंदवून ते परतले. एका पौंडास पंधरा रुपये ह्या तेव्हांच्या भावानें एकट्या कॅमेऱ्याचेच साडेसातशें रुपये झाले. प्रवासखर्च व बाकीची सामग्री निराळी. ह्या साहसापायीं फाळक्यांनीं आपला आयुष्याचा विमा गहाण टाकला, ही गोष्ट सर्वश्रुत आहे. 'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ रोजीं मुंबईच्या कॉरोनेशन सिनेमांत लोकांपुढें आला, तेव्हां त्या चित्रामागें एका कुटुंबाचें सारें भवितव्य उभें होतें.

फाळक्यांचें चित्र पाहून ज्यांना सिनेमाचा ध्यास लागला, त्यांत कोल्हापूरचे आनंदराव व बाबूराव मेस्त्री हे प्रमुख होत. हे दोघे नात्यानें भाऊ. बाबूरावांचा जन्म ३ जून १८९० चा. त्यांच्या वडिलांच्या हातांत सुतारकाम, लोहारकाम आणि मूर्तिकाम अशा तिन्ही कला होत्या. तेव्हां लांकूड, धातु आणि माती ह्यांची ओळख मुलाला शाळेंत जाऊन करून घ्यावी लागली नाहीं. १९१० पासून पुढील पांच-सहा वर्षें ह्या बंधूंनीं संगीत नाटक मंडळ्यांचे व पारशी-गुजराती कंपन्यांचे पडदे रंगविले, आणि त्या कामांत एवढा लौकिक मिळविला कीं, मेस्त्री हें आडनांव मागें पडून 'पेंटर' हेंच त्यांच्या नांवास कायमचें चिकटलें. शाहू छत्रपतींच्या कारकीर्दींत गवई, मल्ल, नट आणि चितारी ह्या सर्वांना कोल्हापुरांत मान होता. मान होता खरा. परंतु विलायतेची वारी करून यंत्र आणण्याइतकें द्रव्य दोघां चित्रकारांपाशीं कोठून असणार? त्यांतच १९१४ सालीं महायुद्ध पेटलें. परदेशी माल महाग झाला व वेळेवर येईनासा झाला. अशा स्थितींत त्यांनीं प्रथम चित्रपट दाखविण्याचा धंदा हातीं घेतला, आणि तो करीत असतांनाच चित्रें घेण्याचा कॅमेरा आपण स्वतःच बनवावा, असें मनांत आणलें.

ह्या क्रमाचें महत्त्व पुष्कळांच्या लक्षांत येत नाहीं. पडद्यावर चित्र दाखविणारें यंत्र आणि चित्र टिपणारें यंत्र हीं सख्खीं भावंडें आहेत. दोहोंत फिल्म क्षणभर थांबते, उजेड मिळतो, झडप मिटते, फिल्म एक घर पुढें सरकते आणि पुन्हा थांबते. एकांत उजेड आंतून बाहेर जातो, दुसऱ्यांत तो बाहेरून आंत येतो, एवढाच काय तो मुख्य भेद. जो दररोज खेळाचें यंत्र चालवितो, त्याचे दाते साफ करतो आणि तुटलेली फिल्म सांधतो, त्याला कॅमेऱ्याचें पोट अर्धें ओळखीचें झालेलें असतें. दाखविण्याच्या धंद्यानें ह्या दोघां बंधूंस चार पैसे मिळाले असतील. पण त्याहून मोठी मिळकत ही ओळखीची होती.

आतां त्या यंत्राचे भाग पाहूं, म्हणजे निवडीचा प्रश्न उलगडेल. मूकपटाचा कॅमेरा म्हणजे उजेड न शिरणारी एक पेटी. तिच्या तोंडाशीं भिंग. आंत ३५ मिलिमीटर रुंदीच्या फिल्मचीं दोन घरें, एक कोऱ्या फिल्मचें व एक टिपलेल्या फिल्मचें. फिल्मच्या भोकांत शिरून तिला खालीं ओढणारा आंकडा. त्याच्या तालावर उघडमीट करणारी झडप. आणि हें सर्व फिरविणारीं दात्यांचीं चाकें व बाहेरचा दांडा. एक फूट फिल्मवर सोळा चित्रें मावतात. दांडा एकदां फिरला कीं आठ चित्रें निघतात, आणि सेकंदास दोन फेरे हा त्या काळचा सामान्य ताल होता. एक हजार फुटांचें रीळ ह्या हिशेबानें सुमारें सतरा मिनिटांत संपे.

ह्यांपैकीं पेटी कोणताहि चांगला सुतार करील. दांडा व बाहेरची बैठक लोहार करील. भिंगाची गोष्ट निराळी. त्यास लागणारी कांच ओतणें व ती गणिताबरहुकूम घासणें ही विद्या युरोपांतील मोजक्या कारखान्यांच्या हातीं होती; खुद्द विलायतेंतील कॅमेरे करणारे सुद्धां भिंगें त्या कारखान्यांकडूनच घेत. कच्च्या फिल्मचेंहि तसेंच. ती हिंदुस्थानांत तयार होण्यास स्वातंत्र्यानंतरचीं वर्षें उजाडावीं लागलीं. राहिला आंकडा आणि चाकें. खरी परीक्षा येथेंच होती. फिल्मवरील चित्राची रुंदी सुमारें एक इंच. तेंच पंधरा फूट रुंदीच्या पडद्यावर टाकलें तर एकशें ऐंशी पट मोठें होतें. आंकड्याच्या ओढींत इंचाच्या हजाराव्या भागाइतका फरक पडला, तर पडद्यावर तो दीड सुताचा होऊन दिसतो, आणि राजवाडे व ऋषींचे आश्रम थरथरूं लागतात. ह्यास्तव द्रव्य कोठें घालावें आणि श्रम कोठें घालावे, ह्याचा निवाडा यंत्रानेंच करून ठेवला होता. जी वस्तु आपल्या गांवांत होणें अशक्य ती विकत घ्यावयाची; जी वेळ, हात आणि चिकाटी ह्यांनीं साधेल ती घरीं करावयाची; आणि दिखाऊ भागावर कांहीं खर्च करावयाचा नाहीं. अशा विचारानें चालणाऱ्यास यंत्र स्वस्त पडतें, आणि त्याचें चित्रहि स्थिर राहतें.

हें काम दोघांच्या हातून एका वर्षांत उरकलें नाहीं. १९१६ सालीं आनंदराव वारले. ज्या खटपटींत दोघांची बुद्धि गुंतली होती, ती आतां एकट्या बाबूरावांच्या गळ्यांत पडली. दुसरा कोणी असता तर पुन्हा पडदे रंगवावयास बसला असता व त्यास कोणी दोष दिला नसता. बाबूरावांनीं विष्णुपंत दामले ह्या आपल्या शिष्यास हाताशीं धरलें आणि काम पुढें चालविलें. १९१८ सालीं कॅमेरा चालता झाला. हिंदी कारागिरांनीं बनविलेला पहिला चित्रपट-कॅमेरा म्हणून त्याचा गौरव केला जातो, आणि आज कोल्हापुरांत खरी कॉर्नरपाशीं त्याच्या स्मरणार्थ कॅमेऱ्याचा स्तंभ उभा आहे.

कॅमेरा झाला तरी चित्र होण्यास भांडवल लागतेंच. तें देण्यास कोणी सावकार वा कारखानदार प्रथम पुढें आला नाहीं. पुढें आल्या त्या तानीबाई कागलकर ह्या गायिका. त्यांच्या कर्जाऊ पैशावर महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी राहिली. एका गाणाऱ्या बाईनें आपल्या कष्टाची पुंजी, पूर्वीं कधींहि चित्रपट न काढलेल्या एका रंगाऱ्याच्या घरगुती यंत्रावर लावावी, ह्या गोष्टीस आमच्या इतिहासकारांनीं मिळावयास हवें तितकें स्थान दिलें नाहीं. 'सैरंध्री' हा कंपनीचा पहिला चित्रपट ७ फेब्रुवारी १९२० रोजीं पुण्यास लागला. स्त्रियांच्या भूमिका स्त्रियांनीं केल्या होत्या, हें त्या दिवसांत धाडसच होतें. कीचकवधाचें दृश्य इतकें हुबेहूब उतरलें कीं, सरकारी तपासनिसांनीं त्यास कात्री लावली. लोकमान्यांनीं बाबूरावांस 'सिनेमा केसरी' ही पदवी दिली, ती ह्याच चित्राबद्दल.

पुढील चित्रांतहि हीच दृष्टि दिसते. नाटकी पडद्यांवर ज्याचा हात बसलेला, त्यानेंच सिनेमांतून रंगीत पडदा काढून टाकला आणि त्याच्या जागीं खरोखरीच्या भिंती, खांब व दालनें उभीं केलीं. 'सिंहगड' ह्या १९२३ च्या चित्रांत कृत्रिम उजेडावर रात्रीचा देखावा साधला. १९२५ चा 'सावकारी पाश', नारायण हरि आपटे ह्यांच्या कथेवरचा, शेतकऱ्याची दैना दाखविणारा. त्यांत तरुण शांताराम वणकुद्रे नायक होते. जाहिरातीचीं मोठीं चित्रें बाबूराव स्वतः रंगवीत. जेथें कुंचला पुरे तेथें कुंचला, जेथें दिवे हवेत तेथें दिवे, असा हा हिशेब होता.

ह्या काटकसरीचें सर्वांत मोलाचें फळ कॅमेऱ्यांत नव्हतें. तें माणसांत होतें. विकत आणलेलें यंत्र बिघडलें कीं कुलूप लागतें. घरीं बनविलेलें बिघडलें कीं उघडलें जातें, आणि उघडणाऱ्याच्या भोंवतीं चार शिकाऊ गोळा होतात. दामले, साहेबमामा फत्तेलाल आणि शांताराम हे ह्याच आखाड्यांतले मल्ल. त्यांनीं केशवराव धायबर व सीताराम कुलकर्णी ह्यांच्यासह १ जून १९२९ रोजीं कोल्हापुरांत 'प्रभात'ची स्थापना केली. दामले-फत्तेलाल जोडीचा १९३६ चा 'संत तुकाराम' पुढील वर्षीं व्हेनिसच्या प्रदर्शनांत वाखाणला गेला. व्हेनिसपर्यंतची ती वाट कोल्हापुरांतील त्या हातघाईच्या कार्यशाळेंतूनच निघाली होती.

येथें दुसरी बाजूहि सांगितली पाहिजे. १४ मार्च १९३१ रोजीं 'आलम आरा' मुंबईस लागला आणि बोलपटांचें युग आलें. आतां सेकंदास चोवीस चित्रें, आणि तींहि अगदीं एका तालांत, हवीं झालीं. कारण दांडा फिरविणाऱ्याचा हात किंचित् मंदावला तर नायिकेचा सूर लगेच बिघडावा. शिवाय दाते खडखडणारा कॅमेरा ध्वनिग्राहकाजवळ चालेना. विजेची मोटार आणि आवाज टिपण्याचें यंत्र ह्या गोष्टी सुताराच्या पेटींत बसणाऱ्या नव्हत्या. 'प्रभात'नें ओळखलें कीं, येथें खर्च केल्यावांचून गत्यंतर नाहीं. नवी सामग्री आणून तिनें १९३२ सालीं 'अयोध्येचा राजा' काढला, व पुढील वर्षीं आपलें बिऱ्हाड पुण्यास हलविलें. महाराष्ट्र फिल्म कंपनी मात्र ह्या बदलांत टिकली नाहीं. स्वतः करण्याचा अभिमान चांगला. परंतु यंत्राचा मुख्य भाग कोणता हें काळाबरोबर बदलतें, आणि कालचा निवाडा आज तपासून पाहावा लागतो, हा धडा ह्या उदाहरणांतून मिळतो.

आतां आजच्या घरगुती संगणकाकडे वळूं. त्याच्या यादींतील नांवें परकीं असलीं तरी तत्त्व तेंच आहे. हल्लींचें बारीक रेखीव चित्र आडवें ३८४० व उभें २१६० बिंदूंचें असतें. म्हणजे एका चित्रांत ब्याऐंशी लक्षांहून अधिक बिंदु, व सेकंदास चोवीस चित्रें म्हटलीं कीं जवळजवळ वीस कोटि. एवढें सारें तसेंच सांठवितां येत नाहीं. म्हणून तें कांहीं ठराविक रीतींनीं आवळून ठेवतात. २००३ ची एच.२६४, २०१३ ची एचईव्हीसी आणि २०१८ ची एव्ही१ ह्या त्या रीति. आवळलेलें चित्र उलगडण्याकरितां प्रोसेसरमध्येंच, त्याच्या चित्रविभागांत, एक स्वतंत्र जुळणी केलेली असते. हाच आजचा आंकडा. आपणांस पाहावयाच्या चित्रांची रीत ज्यास अवगत आहे असा साधा प्रोसेसर चित्र अडखळूं न देतां दाखवितो. आणि ज्यास ती अवगत नाहीं असा महाग प्रोसेसर तापतो, पंखा घोंगावतो व चित्र तुटक दिसतें. तेव्हां दुकानदारास वेगाचे आंकडे विचारण्यापेक्षां 'ह्या रीति हा आपणहून उलगडतो काय?' एवढें विचारावें. उत्तर होकारार्थी आलें तर निराळें ग्राफिक कार्ड घेण्याचें कारण उरत नाहीं. तें खेळ खेळणाऱ्यांचें साधन आहे. स्मृति आठ गिगाबाइट पुरते. संगणक चटकन जागा व्हावा म्हणून लहानशी एसएसडी व चित्रांच्या सांठ्यास मोठी हार्ड डिस्क, ही वांटणी काटकसरीची.

वीज पुरविणारा पॉवर सप्लाय हा भाग मात्र दिसत नाहीं म्हणून हलका घेऊं नये. तो बिघडला तर शेजारच्या भागांसहि घेऊन जातो. त्याचप्रमाणें पंखा मोठा व मंद फिरणारा असावा. बैठकीच्या खोलींत चित्र चालू असतां पेटी घुमूं लागली, तर बोलपटाच्या आरंभीं खडखडणाऱ्या कॅमेऱ्यानें जो रसभंग केला तोच घरीं होतो. पेटीवरच्या रंगीत दिव्यांस दिलेला पैसा वांचवून तो बोलक्या पेट्यांवर म्हणजे स्पीकरांवर खर्चावा. भिंगाचा मान आज पडदा व स्पीकर ह्यांना आहे. कचेऱ्यांतून निघालेला जुना पण शाबूत संगणक घेऊन त्यांत योग्य ती भर घालणें हा मार्ग तर पेंटर बंधूंच्या परंपरेंतलाच होय. घरांतील मुलांस तो उघडूं द्यावा. एक-दोन स्क्रू हरवतील. पण यंत्राची भीति जाईल.

एक गोष्ट उरली, आणि आमच्या मतें तीच सर्वांत गंभीर आहे. पेंटरांनीं विकत घ्यावयाचें काय व करावयाचें काय, हें अचूक ठरविलें. परंतु जपून ठेवण्याकरितां वेगळा पैसा त्या पिढींत कोणीच काढून ठेवला नाहीं. तेव्हांची नायट्रेट फिल्म लवकर पेट घेई व कुजे. खेळ उतरल्यावर तिच्यांतील चांदी काढून घेण्याकरितां ती विकलीहि जाई. हिंदुस्थानांत तेराशेंहून अधिक मूकपट निघाले. त्यांपैकीं आज हातीं आहेत ते मोजकेच, आणि त्यांतहि कित्येकांचे केवळ तुकडे. राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय पुण्यास स्थापन झालें तें १९६४ सालीं; तोंवर बहुतेक नुकसान होऊन चुकलें होतें. १९४८ च्या जाळपोळींत कोल्हापूरचा जयप्रभा स्टुडिओ जळाला, आणि २००३ च्या जानेवारींत पुण्यास 'प्रभात'च्या जुन्या आवारांतील कोठारास आग लागून नायट्रेटचीं जुनीं रिळें भस्म झालीं.

हें दुःख मोठ्या कंपन्यांचेंच आहे असें कोणी समजूं नये. आज प्रत्येक घराजवळ स्वतःचीं चलच्चित्रें आहेत. आजीनें म्हटलेली ओवी, नातवाचें पहिलें पाऊल, गेलेल्या वडिलांचा आवाज, हें सारें एखाद्या हार्ड डिस्कवर असतें. आणि ती आपल्या आयुष्याचे दिवस संपले कीं बहुधा पूर्वसूचना न देतां थांबते. चित्रपट पुन्हा मिळेल. आजीचा आवाज पुन्हा मिळणार नाहीं. म्हणून थोडक्या पैशांत संगणक जुळविणाऱ्या गृहस्थानें आपल्या यादीच्या अगदीं आरंभीं एक दुसरी डिस्क लिहावी. तिच्यावर घरच्या चित्रांची प्रत उतरून ती एखाद्या आप्ताच्या घरीं ठेवावी, व वर्षांतून एकदां लावून पाहावी. त्याकरितां प्रोसेसर एक पायरी खालचा घ्यावा लागला तरी हरकत नाहीं. कोल्हापूरच्या त्या पहिल्या कॅमेऱ्यांतून निघालेलें 'सैरंध्री'चें चित्र आज जर पाहावयास मिळतें, तर त्या कारागिरांची योग्यता सांगण्यास आमच्यासारख्यांच्या लेखणीची गरज पडली नसती.